शेवटचे चार फूट

ताई, तुम्ही बरोबर होतात. शेवटचे चार फूट जास्त चढाचे आहेत. परवा मी मोजले.

तेरावा झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि तुमची चाकाची खुर्ची मिरजगावकडच्या एका बाईंना द्यायची असं ठरलं. तुमच्या भावाने टायरमध्ये हवा भरली. वस्तू तपासल्याशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही ही माझी सवय तुम्हाला माहीत आहे. म्हणून ब्रेक बघायला मी स्वतःच खुर्चीत बसले, रॅम्पवरून गेटपर्यंत खाली गेले, खुर्ची फिरवली आणि हाताने चाकं ढकलत वर यायला निघाले. बत्तीस फूट आले. धाप लागली, पण आले. ओटा चार फुटांवर राहिला आणि खुर्ची पुढे सरकेना. जोर लावला की बोटभर पुढे, सोडला की वीतभर मागे. शेवटी ब्रेक लावून बसले.

पहिला विचार मनात आला तो असा, की हात थकले असतील. शेवटी शेवटी कुणाचेही थकतात. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की हे वाक्य माझंच आहे आणि ते मी तुम्हाला ऐकवलेलं आहे. मग मी खुर्चीतून उठले आणि टेप आणायला घरात गेले. ही सोय तुम्हाला नव्हती.

तेव्हा हे पत्र माफीचं आहे असं समजा, पण नुसती माफी मागून माझं भागणार नाही. चूक नेमकी कुठे झाली ते मला बघायचं आहे. मुलांच्या वहीत मी तेच करते. उत्तर चुकलं म्हणून फुली मारत नाही, कुठल्या ओळीवर चुकलं तिथे गोल करते.

रॅम्पची सुरुवात मोरपंखी अस्तरावरून झाली होती, आठवतं? तुम्ही कुणाच्या तरी लग्नाचे ब्लाउज शिवत होतात आणि अस्तर आणायला मला पाठवलंत. मी रामा कलर घेऊन आले. तुम्ही ते कापड खिडकीशी धरलंत आणि माझ्याकडे बघितलंत.

"सुनंदा, गणिताच्या बाईंना रंग कळत न्हाईत का गं?"

"दुकानात दिव्याखाली असाच दिसत होता, ताई."

"म्हणून तर बाहेर उजेडात आणून बघायचा असतो. तिथं दारात उभं ऱ्हायचं, पदराला लावून बघायचं, दुकानदार वैतागला तरी चार तागे काढायला लावायचे."

"मग पुढच्या वेळी तुम्हीच चला."

"कशी येऊ? तुझ्या नवऱ्याला, दिल्याला, सुट्टी असंल तवा? तो उचलून खाली ठेवतो, आन् मॅचिंग सेंटरमधी गेलं की दर दोन मिन्टाला घड्याळ बघतो. मला कुणी उचलायला नको हाय. मला माझी जायचंय, माझी यायचंय."

तीन पायऱ्या होत्या. प्रत्येकी सहा इंच. कंबरेखालचं अंग गेल्यापासून सहा वर्षं तुम्ही त्या तीन पायऱ्यांपाशी अडलेल्या होतात, आणि मी रोज त्यांच्यावरून वर्गात चढ शिकवायला जात होते. ओटा दीड फूट उंच. अशा खुर्चीला एकास बाराचा चढ लागतो, म्हणजे एक इंच वर चढायला बारा इंच आडवं अंतर द्यायचं, एवढं मला ठाऊक होतं. मी जागेवर हिशेब केला. दीड फूट उंची, गुणिले बारा, अठरा फूट लांबी. कागदावर काटकोन त्रिकोण काढून किसनमामांच्या हातात दिला. किसनमामांनी आपलं घर बांधलेलं. ते म्हातारे गवंडी कागद उलटासुलटा करून बघत राहिले.

"बाई, ह्यो कागुद बराबर हाय. पर तुमचं दुसरं टोक कुठं हाय?"

"हे काय, ओट्यापासून अठरा फुटांवर."

"आवो पर अठरा फुटांवर जमीन हाय कुठं?"

मला वाटलं, मामा चेष्टा करतायत. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक ओट्यापाशी माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते अठरा फुटांवर गेले. नळी कितीही लांब असो, वाकडी असो, दोन्ही टोकांचं पाणी एकाच पातळीवर उभं राहतं. त्या पातळीपासून खाली जमिनीपर्यंत दोन्हीकडे मोजलं. त्यांच्या बाजूला नऊ इंच जास्त आले. आपलं अंगण रस्त्याकडे उतरतं आहे. पावसाचं पाणी तिकडेच वाहतं हे मी इतकी वर्षं बघत होते, पण ते कागदावर मांडायचं माझ्या डोक्यात आलं नाही. कागदावरची जमीन नेहमी सपाट असते.

"तुमच्या मापानं केलं तर रॅम्प नऊ इंच हवेत संपतूय," मामा म्हणाले. "ताई तिथनं उडी मारत्यात का?"

तुम्ही दारातून ऐकत होतात. इतक्या जोरात हसलात की तुम्हाला ठसका लागला.

मी लगेच दुसरा हिशेब सुरू केला. अठरा अधिक नऊ, सत्तावीस इंच, म्हणजे सत्तावीस फूट. मामा म्हणाले, "सत्तावीस फुटावं तर जमीन आनखी खाली जातीय." मी तिथपर्यंतचा उतार मिळवला, पुन्हा लांबी वाढली, पुन्हा जमीन खाली गेली. मी लांबी वाढवावी आणि जमिनीने खाली सरकावं. मी वही आणायला आत निघाले, समीकरण मांडायला. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आगं थांब. मामा, जमीन फुटाला किती उतरती?"

"अर्धा इंच."

"आन् रॅम्प?"

"एक इंच."

"मग फुटामागं अर्धाच इंच हाती लागतो. अठरा इंच गाठायचेत. छत्तीस फूट झाले की."

मी दारात उभी होते. समीकरण मांडलं असतं तर तेच उत्तर आलं असतं, पाच ओळींनी. दोन रेषांच्या चढांमधला फरक, तोच तुम्ही पकडलात. पुढच्या वर्षी दहावीच्या वर्गात मी ते गणित तुमच्या पद्धतीने सांगितलं. तुमचं नाव सांगितलं नाही. "एका नववी झालेल्या बाईंनी तोंडी काढलं" एवढंच म्हणाले. हे तुम्हाला आवर्जून सांगायचं राहून गेलं, त्यात न सांगण्यासारखं काहीच नव्हतं.

तुम्ही हे कुठून शिकलात, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "खांद्याचा उतार काढते ना रोज. गळ्यापासून दंडापर्यंत कापड किती उतरवायचं ते प्रत्येक बाईचं येगळं. कुणाचा खांदा पडका, कुणाचा सरळ. तुमी पोरांना आकडे देता, मला माणसं देतात."

रॅम्प झाला. छत्तीस फूट, गेटच्या दोन फूट अलीकडे संपणारा. अंगण अर्धं गेलं. तुमचा भाऊ म्हणाला, आता गाडी घेतली तर लावायची कुठे. तुम्ही म्हणालात, "आधी घे तर." पहिल्या दिवशी तुम्ही तीनदा खाली गेलात आणि तीनदा वर आलात, काही काम नसताना. मी वरून मोजत होते. वर यायला तुम्हाला चार मिनिटं लागली, आणि ओट्यावर आल्यावर तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, थेट शिलाई मशीनपाशी गेलात आणि मोटार चालू केलीत. मीही आत जाऊन पेपर तपासायला बसले. या घरात आपण दोघी अशाच.

त्यानंतरच आपले खरे वाद सुरू झाले. मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासायला बसले की तुम्ही हुक-काज करत मध्येच विचारायच्या. "आडव्या रेघेचा चढ शून्य, हे पटलं. उभ्या रेघेचा किती?"

"काढता येत नाही."

"येत न्हाई म्हंजे? तुला येत न्हाई का कुणालाच?"

"कुणालाच. चढ म्हणजे उंचीतला फरक भागिले आडव्या अंतरातला फरक. उभ्या रेषेवर आडवं अंतर शून्य. शून्याने भागता येत नाही, म्हणून उत्तर नाही."

तुम्ही दात लावून दोरा तोडलात. "त्यात एवढं कोडं काय? पायरी हाय ती. सहा वर्सं माझ्याकडं बी उत्तर नव्हतं."

मी पुढचा पेपर ओढला.

दुसरा वाद मात्र अर्धवट राहिला. उतरत्या रेषेचा चढ ऋण असतो, असं मी सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "मग मी खाली जाताना उणे, आन् वर येताना अधिक?" मी म्हटलं, नाही. रेषा तीच, चढही तोच. कागदावर डावीकडून उजवीकडे वाचायचं. उजवीकडून डावीकडे यायचं ठरवलं तरी उंचीतला फरकही उलटतो आणि आडव्या अंतरातलाही उलटतो, उणे भागिले उणे, उत्तर पुन्हा तेच. तुम्हाला करूनही दाखवलं. तुम्ही नीट बघितलंत, चूक सापडते का ते शोधलंत, सापडली नाही.

"हिशेब बराबर हाय," तुम्ही म्हणालात. "पर म्हंजे तुमच्या गणिताला कोण जातंय आन् कोण येतंय ते दिसतच न्हाई."

"रेषेचा चढ हा रेषेचा असतो, ताई. माणसाचा नाही."

"माझ्या हातांना सांग तसं."

मी हसले होते. अजूनही माझं म्हणणं चूक नाही असं मला वाटतं. पण त्या वेळी मी प्रश्न संपवायला उत्तर दिलं. तुम्ही तो प्रश्न संपावा म्हणून विचारला नव्हतात.

आता चुकीकडे येते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी मी ओट्यावर फरशी घातली. माझा हट्ट होता. कोबा उखडला होता, धूळ यायची, आणि किती वर्षं मला ओट्यावर स्वच्छ फरशी हवी होती. किसनमामा तेव्हा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नगरला होते, म्हणून दुसरा माणूस बोलावला. खाली माल आणि वर फरशी मिळून ओटा दोन इंचांनी उंच झाला. रॅम्पच्या वरच्या टोकाला दोन इंचांची पायरी तयार झाली. त्या माणसाने ती सिमेंट लावून गुळगुळीत करून दिली, चार फुटांत मिसळून टाकली. मी शाळेतून आले तोवर वाळलंही होतं. छान दिसत होतं.

आठवड्याभराने तुम्ही म्हणालात, "सुनंदा, वरचे शेवटचे चार फूट लई चढाचे झालेत गं."

मी ते उडवून लावलं नाही, एवढं माझ्या बाजूने सांगते. त्याच रविवारी मामांच्यासारखीच एक नळी आणून भरली, तुमच्या भावाला खाली उभं केलं, वरचं टोक मी धरलं आणि मोजलं. छत्तीस फुटांत अडतीस इंच. एकास अकरा आणि थोडं वर. मी तुम्हाला कागदच आणून दाखवला. म्हटलं, बारावरून साडेअकराच्या जवळ आलंय, एवढा फरक हाताला कळतसुद्धा नाही. दोन बिंदू घ्या, चढ काढा, सरळ रेषेवर कुठलेही दोन घेतले तरी चढ तोच येतो. हे तर दहावीचं पहिलं वाक्य. मग ते दुसरं वाक्य म्हणाले, हात थकण्याचं.

तुम्ही कागद परत दिलात. "गणित म्हणतंय तर असंल बाई."

तुम्ही तेव्हा भांडायला हवं होतं. अस्तराच्या रंगावरून भांडलात, उणे-अधिकवरून भांडलात, पण माझ्या आकड्यापुढे गप्प बसलात. आणि आकडा बरोबरच होता, ताई, हीच तर गंमत. छत्तीस फुटांत अडतीस इंच, आजही तेवढेच आहेत. पण कुठलेही दोन बिंदू चालतात ते रेषा सरळ असेल तेव्हा. ती सरळ आहे हे मी मोजलं नव्हतं, धरून चालले होते. पुस्तकात 'सरळ रेषा' असं लिहून दिलेलं असतं, ते कुणी तपासत नाही. अठ्ठावीस वर्षं शिकवून मी टोकं मोजली आणि मधली रेषा तुमच्यावर सोडून दिली.

परवा मी प्रत्येक फुटाला मोजलं. एक इंच, एक इंच, एक इंच, बत्तीस फुटांपर्यंत कंटाळा येईल इतकं एकसारखं. किसनमामांच्या हाताला सलाम. आणि पुढे दीड, दीड, दीड, दीड. चार फुटांत सहा इंच. एकास आठ. साध्या सरासरीने ते बत्तीस फुटांत विरघळवून टाकले होते.

हे कळल्यावर मी पुन्हा जाऊन त्याच जागी खुर्चीत बसले. बघायचं होतं की तिथून काय दिसतं. लिंबाची वरची फांदी दिसते, गेट पाठीमागे राहतं, समोर ओट्याची कड. आणि मग मला ती जागा ओळखीची वाटली.

तुम्ही तिथे ऊन खात बसायच्या. ओट्याच्या चार फूट अलीकडे, ब्रेक लावून, मांडीवर अस्तराची पिशवी, एक हात चाकावर. मी शाळेतून आले की म्हणायच्या, "बसले जरा उन्हाला. आलीयेस तर घे आत." मी पिशवी खांद्यावर अडकवून दोन ढांगांत खुर्ची वर ढकलायचे. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. थंडीत म्हाताऱ्या माणसांना ऊन बरं वाटतं.

पण शाळा सकाळची असायची तेव्हाही तुम्ही तिथेच होतात. मी साडेबाराला यायचे. एप्रिलात. डोक्यावर पदर घेतलेला, आणि तोंड लाल. आपल्या कर्जतला एप्रिलातल्या साडेबाराचं ऊन कुणी खातं का, हा प्रश्न मला दोन वर्षांत एकदाही पडला नाही. प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे आणि मला तो पडला नाही.

किती वेळ बसायच्या तुम्ही? मॅचिंग सेंटर दहाला उघडतं. म्हणजे अकरापर्यंत तुम्ही परत येत असाल. दीड तास? रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. शेजारच्यांना हाक मारली नाहीत, कारण माझी जायचंय, माझी यायचंय. आणि मला सांगितलं नाहीत, कारण मी कागद दाखवला होता. यातलं मी किती तुमच्यावर लादतेय आणि खरं किती होतं, मला माहीत नाही. विचारता आलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "तू लई इचार करती." पण तोंड लाल होतं, हे मी बघितलेलं आहे.

काल किसनमामांना बोलावलं. ते आता वाकलेत, नळी मात्र तीच. त्यांनी वरच्या चार फुटांवर नुसता तळवा फिरवला आणि म्हणाले, "ह्ये कुनी केलं?" मी म्हटलं, दुसऱ्याने केलं, पण माझ्या सांगण्यावरून. मामा म्हणाले, दोन इंच वाढलेत, म्हंजे खाली चार फूट वाढवायला पायजे, सगळ्या रॅम्पवर थर द्यायला पायजे. गेट दोन फुटांवर आहे. जागा नाही.

"मंग वरचं काढायचं," मामा म्हणाले. "फरशी."

तुमचा भाऊ तिथेच उभा होता. "अगं पण आता कशाला?" तो म्हणाला. "खुर्ची उद्या चाललीय. आपल्यात कोण आहे बसणारं?"

"कुणी नाही."

"मग कुणासाठी फरशी फोडायची?"

"चूक आहे म्हणून," मी म्हटलं.

मग आत जाऊन त्याने मिरजगावला फोन लावला, खुर्ची दोन दिवसांनी पाठवतो म्हणून सांगितलं, आणि बाहेर येऊन मामांच्या हातातली पहार घेतली. तुमचा भाऊ बोलतो उलट, पण तुम्हीच वाढवलेला आहे.

फरशी निघाली. चांगली होती, अर्ध्याहून जास्त तुकडे न होता निघाली, ती मामांना घेऊन जा म्हटलं. चार फुटांचं सिमेंट छिन्नीने काढलं, खालचा जुना कोबा लागला, मामांनीच केलेला. त्यांनी त्यावर हात फिरवला. वरून हलकं घोटून घेतलं. आज दुपारी मी प्रत्येक फूट मोजला. तेहेतिसाव्या फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, जास्त आलं, चौतिसाव्याला दोन सूत कमी. मामा म्हणाले, चालतंय. मी म्हटलं, नाही चालत. त्यांनी थापी घेतली आणि दोन्हीकडे सारखं केलं.

संध्याकाळी ते वाळल्यावर मी खुर्चीत बसून खाली गेले आणि वर आले. मध्ये कुठे थांबले नाही. शेवटचे चार फूट बाकीच्या बत्तीस फुटांसारखेच गेले, सरळ ओट्यावर.

पण हात दुखले, ताई. खांद्यापासून मनगटापर्यंत, आता लिहिताना पेन धरवत नाही इतके. एकास बारा असूनही दुखतात. पहिल्या दिवशी तुम्ही तीनदा वर आलात आणि लगेच मशीनवर बसलात. हे तुम्ही कधी बोलला नाहीत.